शेळीच्या स्नायूपेशींवर काम सुरू करताना: कोकणातल्या नवख्या संशोधकांसाठी

दापोली, रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ या पट्ट्यात पशुविज्ञान, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणारी बरीच मुलंमुली मांसल जनावरांच्या वाढीवर काम करू पाहतात. पद्धती वाचायला घेतल्या की त्या कोरड्या हवेच्या, अखंड विजेच्या देशांसाठी लिहिलेल्या निघतात. शेळी पावसात भिजते, जंतांनी खंगते, तिच्या वयाची नोंद कुठेच नसते, हे त्यात येत नाही. म्हणून हा लेख. पेशी डिशमध्ये वाढवण्याआधी जनावराबद्दल काय विचारायचं, नमुना कसा घ्यायचा आणि आपल्या हवेत तो कसा सांभाळायचा, यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण काम बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

पहिली पायरी: वाढतं काय, ते समजून घ्या

शेळी-मेंढी, गाय, डुक्कर यांच्यात स्नायूतंतूंची संख्या जवळजवळ जन्मापर्यंतच ठरून जाते. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, आणि बहुतेक तंतू पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर करडाचं अंग भरतं ते तंतू वाढून नव्हे, असलेले तंतू जाड आणि लांब होऊन. गाभण शेळीला चारा कमी पडला तर त्याचा परिणाम पुढे बोकडाच्या मांसावर दिसू शकतो, तो यामुळेच. मासे इथे वेगळे आहेत. मोठ्या होणाऱ्या अनेक माशांत पिल्लू बाहेर आल्यानंतरही नवे तंतू तयार होत राहतात, त्यामुळे माशांवरचा निष्कर्ष शेळीला लावू नका.

तंतू जाड होताना त्याला नवी केंद्रकं लागतात आणि ती सॅटेलाइट पेशी पुरवतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी दाखवल्या. तंतूचं आवरण आणि त्याबाहेरचा पातळ पडदा यांच्या मधल्या फटीत त्या पडून असतात. गरज पडली की जाग्या होतात, विभागतात आणि तंतूत मिसळून जातात. कोवळ्या वयात त्यांचं प्रमाण जास्त असतं, वय वाढेल तसं घटतं.

दुसरी बाजू प्रथिनांची. स्नायूत प्रथिनं सतत बनतात आणि सतत मोडतात. अंगावर चढतं ते या दोन्हींमधलं अंतर. त्यामुळे ‘वाढ जास्त झाली’ एवढं म्हणून भागत नाही: बनणं वाढलं, की मोडणं कमी झालं? वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन १९९७ मध्ये उंदरांत सापडलं. त्याच वर्षी कळलं की बेल्जियन ब्लू जातीच्या गाईबैलांचं अंग दुप्पट भरलेलं दिसतं ते या प्रथिनाच्या जनुकातले ११ अक्षर-जोड गळाल्यामुळे. लगाम सुटला की काय होतं, याचं याहून ठळक उदाहरण पाळीव जनावरांत सापडणं कठीण.

दुसरी पायरी: जनावर निवडा, परवानगी घ्या

कोकणात सुरुवातीला शेळी घ्या. गाय-बैलांवरच्या स्नायूपेशींचं वाङ्मय मोठं आहे, पण महाराष्ट्रात गाईंच्या आणि २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी असल्यामुळे तो नमुना इथे मिळणार नाही. बोकडाचं मटण मात्र गावोगाव आहे. शिवाय सिंधुदुर्गची कोकण कन्याळ ही नोंदणीकृत जात आपल्याच भागातली आहे. मुसळधार पावसाच्या, दमट हवेच्या प्रदेशात टिकून राहिलेल्या जातीच्या स्नायूंवर काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. उस्मानाबादी शेळीवर बोलणारे बरेच आहेत, कन्याळवर थोडे.

हात बसायचा असेल तर त्याआधी दोन सोपे मार्ग आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून सी२सी१२ ही उंदराच्या स्नायूपेशींची वंशावळ मागवता येते. ती चिवट आहे, नवख्याच्या हातूनही सहसा मरत नाही. किंवा कोंबडीची फळलेली अंडी उबवून दहा-बारा दिवसांच्या गर्भाच्या छातीच्या स्नायूतून पेशी काढता येतात. एखादा महिना यात घालवला तर तो वाया जात नाही.

परवानगीचं काम नमुन्याच्या आधी करा. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे प्रयोगविषयक नियम वाचून ठेवा. जिवंत शेळीच्या स्नायूचा तुकडा काढणं, तिला वेगळा आहार देऊन तपासणं, हे प्रयोगात मोडतं. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, पशुवैद्यक आणि भूल या गोष्टी हव्याच. खाण्यासाठी कापल्याच जाणाऱ्या बोकडाचा तुकडा घेणार असाल तर प्रयोगासाठी जीव जात नाही, तरीही समितीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर फाइलमध्ये ठेवा. नंतर प्रबंधाच्या वेळी तो कागद मागितला जातो.

तिसरी पायरी: शेळीवाल्याशी आणि खाटकाशी बोला

या पायरीला बरेच जण अर्धा दिवससुद्धा देत नाहीत. माझ्या मते सगळ्या कामाची किंमत इथे ठरते. तुमच्या डिशमधली पेशी कुठल्या वयाच्या, कुठल्या जातीच्या, काय खाल्लेल्या जनावराची आहे हे माहीत नसेल, तर पुढे कितीही महाग रसायनं वापरली तरी दोन नमुन्यांतला फरक कशामुळे आला ते सांगता येणार नाही.

वय विचारलंत तर तारीख कुणी सांगत नाही. “काकी, ह्यो बोकड कधीचो?” विचारलं की उत्तर येतं, “शिमग्याक झालेलो.” हे उत्तर चांगलं आहे. शिमगा कुठल्या वर्षीचा ते विचारा आणि घरी येऊन पंचांगावरून तारीख लिहा. मग दात बघा. बोकड अदंत असेल तर अजून सगळे दुधाचे दात आहेत. समोरच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी साधारण सव्वा वर्षाच्या आसपास पडून कायमचे दात येतात, तो दोन दाती. दोन वर्षांच्या सुमारास चार दाती. सणावरून काढलेलं वय आणि दात जुळत नसतील तर दोन्ही लिहा, एक खोडून दुसरं ठेवू नका.

आणखी विचारा: जुळी करडं होती की एकटं? आईचं दूध पुरलं का? सड्यावर चरायला जातं की गोठ्यात बांधून असतं? उन्हाळ्यात काय घातलं, झाडपाला की नुसता भाताचा पेंढा? पेंढ्यात प्रथिनं अगदीच कमी, तीन-चार टक्क्यांच्या घरात. शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, हा प्रश्न पावसाळ्यानंतर तर चुकवूच नका. रक्त पिणाऱ्या पोटातल्या जंतांनी बेजार झालेल्या शेळीच्या शरीरातलं प्रथिन आतड्याकडे आणि रक्ताकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. असा नमुना ‘निरोगी’ म्हणून लिहिला तर तुमचा सगळा आलेख तिरका जाईल. शक्य झालं तर लेंड्यांची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या.

खाटीक निवडताना तुमच्या प्रयोगशाळेपासून तासाभराच्या आतला निवडा. रविवारी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे बुधवार बरा. श्रावणात दुकानं थंड असतात, त्या महिन्यात नमुन्यांचं वेळापत्रक आखू नका. पहिल्या भेटीत फक्त बोला: काय हवंय, कशासाठी हवंय, हे सरळ सांगा. तुकड्याचे पैसे द्या. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: पाणी लावायचं नाही. मांस धुऊन द्यायची त्यांना सवय असते आणि विहिरीच्या किंवा पिंपातल्या पाण्यातले जंतू तुमच्या डिशमध्ये दुसऱ्याच दिवशी दिसतात.

चौथी पायरी: एका तुकड्याचे तीन भाग

स्नायू कुठला घ्यायचा ते आधी ठरवा आणि प्रत्येक जनावरात तोच घ्या. मांडीच्या मागच्या बाजूचा लांबट स्नायू सोयीचा पडतो. खाटकाला तो बोटानं दाखवला तर नेमका सोडवून देतो. दर वेळी वेगळा स्नायू घेतलात तर तंतूंचा प्रकारच बदलतो, मग तुलना कशाची करणार?

तुकडा हातात आला की तिथेच तीन भाग करा, कारण तिघांची घाई वेगवेगळी आहे.

प्रथिनं आणि आरएनए मोजायचा भाग सगळ्यात घाईचा. मेल्यानंतर स्नायूतला ऑक्सिजन संपतो, लॅक्टिक आम्ल साठतं, सामू सुमारे ७ वरून २४ तासांत ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. कॅल्शियम मोकळं सुटतं आणि कॅल्पेन नावाची विकरं तंतूंची प्रथिनं तोडायला लागतात. मटण ठेवल्यावर मऊ होतं ते त्यामुळे. म्हणून वाटाण्याएवढे तुकडे काही मिनिटांत द्रव नायट्रोजनमध्ये टाका, मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. द्रव नायट्रोजन दुकानापर्यंत नेणं जड वाटतं, पण पशुसंवर्धन खात्याच्या कृत्रिम रेतनाच्या कामामुळे तो जिल्ह्यात ये-जा करत असतो. तिथल्या माणसांशी ओळख ठेवा. गाडीत नेताना खिडक्या उघड्या ठेवायच्या, बंद जागेत तो ऑक्सिजन हटवतो.

काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा भाग वेगळा गोठवावा लागतो. तो सरळ द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर भोवती वायूचा थर धरतो, गोठणं मंदावतं आणि आत बर्फाचे स्फटिक होऊन तंतूंना भोकं पडतात. नायट्रोजननं गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये बुडवा. आठ-दहा मायक्रॉनचे काप घेऊन तंतूचं क्षेत्रफळ मोजायचं, तेही तंतूच्या लांबीला काटकोनात. तिरका काप म्हणजे खोटा जाड तंतू.

जिवंत पेशी काढायचा भाग त्या मानानं धीराचा. सॅटेलाइट पेशी विलक्षण चिवट असतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसाच्या मृतदेहातून १७ दिवसांनंतरही जिवंत सॅटेलाइट पेशी मिळाल्याचं दाखवलं होतं. म्हणून वाटेत तासभर गेला तर पेशी मरतील ही भीती धरू नका. भीती जंतूंची धरा, आपल्या हवेत ते घड्याळाबरोबर वाढतात. प्रतिजैविकं घातलेल्या थंड फॉस्फेट-मिठाच्या द्रावणात तुकडा बुडवून, घट्ट झाकणाच्या निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीत आणा. बर्फ वितळून बाटली तरंगते आणि झाकणातून पाणी आत शिरतं, तेव्हा बाटलीला आणखी एक पिशवी.

पाचवी पायरी: पेशी मोकळ्या करा

प्रयोगशाळेत आल्यावर तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवा, मग निर्जंतुक कपाटात बाहेरचा थर कापून टाकून द्या. चरबी आणि पांढरे पडदे मन लावून काढा. तिथे फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडणाऱ्या ऊतीच्या पेशी असतात आणि त्या स्नायूपेशींपेक्षा वेगानं वाढून सगळी डिश बळकावतात. उरलेला पाच-दहा ग्रॅम लाल भाग कात्रीनं अगदी बारीक करा.

आता विकर. ०.१ टक्का प्रोनेज, ३७ अंशांवर हलत्या पाण्याच्या टाकीत सुमारे तासभर, ही शेळी-मेंढी-गुरांसाठी जुनी आणि भरवशाची रीत आहे. कोलॅजिनेज वापरणारेही आहेत. वेळ जास्त झाला तर पेशींचं आवरणच खाल्लं जातं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मग सीरम घालून विकर थांबवा, आधी १०० आणि नंतर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेल्या पेशी घ्या आणि मृत पेशींना निळा करणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगानं जिवंत-मृत मोजा.

मिळालेल्या पेशी आधी कुठलाही लेप नसलेल्या डिशमध्ये तास-दोन तास ठेवा. फायब्रोब्लास्ट पटकन चिकटतात, स्नायूपेशी तरंगत राहतात. वरचा द्रव जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप दिलेल्या डिशमध्ये हलवा. एवढं केल्यानं सगळे फायब्रोब्लास्ट जात नाहीत, पण बरेच जातात.

सहावी पायरी: वाढवा, आणि दमट हवेशी लढा

ग्लुकोज जास्त असलेलं डीएमईएम हे पोषक माध्यम, त्यात सुरुवातीला २० टक्के गर्भस्थ वासराचं सीरम, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. शेळीच्या अंगाचं तापमान सुमारे ३९ अंश असतं, तरी बहुतेक जण ३७ वरच वाढवतात. तुम्ही जे ठरवाल ते शेवटपर्यंत तेच ठेवा आणि नोंदवा. पहिले दोन दिवस डिश हलवू नका. पेशी डिशचा ६०-७० टक्के भाग व्यापतील तेव्हा पुढच्या डिशमध्ये न्या. गर्दी झाली की त्या एकमेकींत मिसळून नलिका बनवतात आणि मग विभागत नाहीत. चार-पाच पिढ्यांच्या आतच प्रयोग उरका.

किनाऱ्याजवळच्या प्रयोगशाळेचा खरा शत्रू बुरशी. दापोली-रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, भिंती चार महिने ओल्या. पेशींच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी अजिबात नेऊ नका, ओल धरलेल्या पुठ्ठ्यावर बुरशीचे बीजाणू बसलेले असतात. छत्री, चप्पल, भिजलेला एप्रन बाहेर. इन्क्युबेटरमधल्या ट्रेचं पाणी निर्जंतुक ऊर्ध्वपातित असावं आणि आठवड्याला बदलावं. वातानुकूलन रात्री बंद आणि सकाळी सुरू असं केलं तर भिंतींना पाणी सुटतं, म्हणून पावसाळ्यात ओल शोषणारं यंत्र चालूच ठेवा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरही बुरशी चढते आणि कायमचा डाग पाडते. भिंगं सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा, सिलिकाचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा.

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यानं पेनिसिलिन लागू पडत नाही. पेशी विनाकारण सुस्तावल्या तर पीसीआर तपासणी करून घ्या, माध्यमाला दोष देत बसू नका.

वीज जाणार हे धरूनच चला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत बरेच दिवस दिवे नव्हते. यूपीएस तासाभरापुरता असतो. जनरेटरचं डिझेल मे महिन्यातच भरून ठेवा. चांगल्या पेशी हाती आल्या की लगेच १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारं द्रव्य), मिनिटाला साधारण एक अंश या गतीनं गोठवा, मग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. त्याला वीज लागत नाही. कुप्या दोन वेगळ्या गावांत ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा आणि नायट्रोजनचं भांडं तळमजल्यावर ठेवू नका.

सातवी पायरी: या पेशी स्नायूच्याच आहेत, हे दाखवा

आकारावरून ओळखलं असं लिहून चालत नाही. सुप्त आणि नुकत्या जागलेल्या पेशींसाठी पॅक्स७, कामाला लागलेल्यांसाठी मायोडी, पुढे मायोजेनिन, डेस्मिन आणि मायोसिन जड साखळी, या खुणांचं रंजन करा. रंजनासाठी वापरायचं प्रतिपिंड शेळीच्या प्रथिनाला चिकटतं का, ते आधी शेळीच्या स्नायूच्या कापावर तपासा. बाटलीवर उंदीर आणि माणूस एवढंच लिहिलेलं असतं.

मग सीरम काढून २ टक्के घोड्याचं सीरम द्या. तीन ते पाच दिवसांत पेशी रांगेत येऊन जुळतात आणि लांब, अनेक केंद्रकांच्या नलिका होतात. हे पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, कितीही पुस्तकं वाचलेली असोत. एकूण केंद्रकांपैकी किती टक्के नलिकांमध्ये आहेत, तो तुमचा मिसळण्याचा निर्देशांक. मोजणाऱ्याला कुठली डिश कुठल्या गटाची ते कळू देऊ नका.

आठवी पायरी: प्रथिन मोजा

गोठवलेला स्नायू नायट्रोजनमध्येच कुटा, प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणारं मिश्रण घातलेल्या द्रावणात विरघळवा. एकूण प्रथिनासाठी ब्रॅडफर्ड पद्धत झटपट आहे, पण द्रावणात साबणासारखी डिटर्जंट असतील तर ती फसवते, तेव्हा बीसीए ही दुसरी पद्धत घ्या. कमी मिठाच्या द्रावणात पेशीरसाची प्रथिनं उतरतात, जास्त मिठाच्या द्रावणात मायोसिन-ॲक्टिनसारखी तंतूंची, आणि कोलॅजन हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लावरून काढतात. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मायोसिनची जाड पट्टी २०० किलोडाल्टनच्या थोडी वर आणि ॲक्टिनची ४२ च्या जवळ दिसली पाहिजे. मधे अनोळखी पट्ट्यांची गर्दी असेल तर तुकडा गोठवायला उशीर झाला होता का, ते नोंदवहीत बघा.

त्याच नमुन्यातला डीएनएही मोजा. डीएनए वाढला तर केंद्रकं वाढली. डीएनएच्या मानानं प्रथिन वाढलं तर तंतू भरले. एवढ्या दोन आकड्यांवरून पेशींची वाढ आणि प्रथिनाची वाढ वेगळी सांगता येते, आणि त्याला महागडं यंत्रही लागत नाही.

पहिला प्रयोग कुठला?

एका बोकडाच्या पेशी तीन डिशमध्ये वाढवल्या तर ते तीन नमुने होत नाहीत, बोकड एकच. जुळ्या भावांनाही दोन स्वतंत्र जनावरं धरू नका, आईबाप आणि चारा एकच असतो. हे गणित प्रयोग संपल्यावर सुधारता येत नाही, म्हणून संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाकडे नमुने घेण्याआधीच जा.

माझा सल्ला असा: एकाच पंचक्रोशीतले, जंताचं औषध दिलेले, वजनाची नोंद असलेले अदंत आणि चार दाती बोकड घ्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे हवा कोरडी असताना, नमुने गोळा करा. मांडीचा तोच एक स्नायू. प्रत्येक बोकडासाठी चार गोष्टी मोजा: एका ग्रॅममागे मिळालेल्या पेशी, मिसळण्याचा निर्देशांक, तंतूचं क्षेत्रफळ, प्रथिन आणि डीएनएचं गुणोत्तर. यातलं सगळं कोकणात बसून करता येतं. बोकड कोकण कन्याळ असतील तर जातीची खात्री कुडाळ तालुक्यातल्या निळेली इथल्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पशुसंशोधन केंद्रातल्या माणसांना विचारून करून घ्या, आणि शेळीवाल्या काकींचा बोकड किती किलोचा भरला तो आकडा त्यांनाही कळवा.